सहीचं टपाल

बोट धक्क्याला लागली तेव्हा इशबेलच्या पाठीवर गिटार होती आणि कोटाच्या खिशात पाकिटात घातलेली एकच सीडी. तिची सातवी. बहुधा शेवटची.

ग्लासगोच्या एका शाळेनं तिला संगीत शिकवायची नोकरी देऊ केली होती आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. चौदा वर्षं तिनं सगळं एकटीनं ओढलं होतं. गाणी लिहायची तिनं, स्वयंपाकघरात ब्लँकेटं टांगून ती ध्वनिमुद्रित करायची तिनं, आणि गावोगावच्या सभागृहांत खुर्च्या मांडायच्या त्याही तिनंच. परवाच्या कार्यक्रमाला नऊ माणसं आली होती. त्यातली दोन पावसातून अंग सुकवायला शिरलेली. बाई हट्टी होती, पण नुसत्या हट्टावर गाता येत नाही. हट्टालाही कुणीतरी ऐकणारं लागतं.

तिला तसं एक माणूस होतं. या बेटावरच्या मिस एफी निकल्सन. अकरा वर्षांपूर्वी त्यांचं पहिलं पत्र आलं, आणि मग येतच राहिलं. अक्षर टपोरं, मजकूर ठरलेला. ‘आणखी एक सीडी पाठवावी. एका वेळी एकच. सहीचं टपाल असावं. शेजाऱ्यांकडं ठेवू नये.’ एकाच सीडीच्या सहा-सहा, सात-सात प्रती त्यांनी अशा मागवल्या होत्या. बाई भेट म्हणून वाटत असणार, सगळ्या बेटाला आपली गाणी ऐकवत असणार, असं इशबेलनं धरून टाकलं होतं. वाईट दिवसांत ती ही पत्रं काढून वाचायची.

म्हणून ही सीडी ती स्वतः द्यायला आली होती. एकदा त्या बाईंचा चेहरा बघायचा, आणि मग सोमवारी काय ते कळवायचं.

धक्क्यावर टपालाची लाल गाडी उभी होती. साठीचा, रुंद खांद्यांचा पोस्टमन पोती चढवत होता. त्याच्या छातीवर नाव होतं, मर्डो.

“मिस निकल्सनचं घर कुठं हो?” तिनं विचारलं.

“टेकडीवरचं शेवटचं.” तो पोत्याकडेच बघत म्हणाला. “काय काम काढलंस?”

“त्यांना सीडी द्यायचीय. मी इशबेल.”

त्यानं वर पाहिलं. “म्हणजे ती पाकिटं तुझी! तुझ्या पायी माझे गुडघे गेले, पोरी. गाडी फाटकापर्यंतच जाते, पुढं सगळा चढ. साधं टपाल मी खालच्या पेटीत टाकतो. सहीचं असलं की दारात जाऊन, नाव विचारून, हातात द्यावं लागतं. मग ओळखीचं असो नाहीतर बिनओळखीचं.”

“माफ करा हं.”

“त्यात माफी कसली.” तो थोडा घुटमळला. “या महिन्यात काही आलं नाही तिकडं.” मग त्यानं हात पुढं केला. “आण इकडं. मी नेतो. तिकीट लाव, सहीचं कर, म्हणजे झालं.”

“आज तुमच्या गुडघ्यांना सुट्टी,” इशबेल हसली. “मला माझ्या हातानं द्यायचीय.”

त्यानं हात मागं घेतला. “बरं. फाटकापर्यंत सोडतो. आणि ती गिटार दाराबाहेर ठेव हो.”

चढ खरोखरच जीवघेणा होता. दार वाजवायच्या आत उघडलं. एफीबाई दारामागंच उभ्या असाव्यात. सत्तरीच्या, ताठ, केस घट्ट बांधलेले. त्यांनी आधी इशबेलच्या पलीकडं, खालच्या वाटेकडं पाहिलं.

इशबेलनं नाव सांगितलं, पाकीट पुढं केलं. बाईंनी ते घेतलं, उलटसुलट केलं. “तिकीट नाही यावर.”

“मीच घेऊन आले ना!”

“असं होय,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पडला. “ये, बस. चहा टाकते.”

चुलीत पीट, दलदलीतली वाळवलेली माती, धुमसत होतं. बाईंनी ओटची बिस्किटं आणि लोणी पुढं ठेवलं. इशबेलनं धीर केला आणि सांगून टाकलं. ही शेवटची. आता शाळेत शिकवणार.

बाईंचा कप बशीवर आदळला. “नको! असं करू नकोस, पोरी. मी जास्त घेईन. दर आठवड्याला एक घेईन. पण थांबू नकोस.”

इशबेलच्या डोळ्यांना धारा लागल्या. चौदा वर्षांत तिच्यासाठी असं कुणी गयावया केलं नव्हतं. शाळा गेली खड्ड्यात, तिनं त्याच क्षणी ठरवलं.

“तुम्हाला सगळ्यात आवडतं ते कुठलं?” तिनं डोळे पुसत विचारलं. “मी म्हणते. आत्ता, इथं.”

एफीबाई गोंधळल्या. मग उठून त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं. एका फळीवर बायबल आणि स्तोत्रांचं पुस्तक. खालच्या तिन्ही फळ्यांवर इशबेलच्या सीड्या, ओळीनं लावलेल्या. एकूण एक. एकाही सीडीचा प्लास्टिकचा कागद फाटला नव्हता.

“या घरात स्तोत्रांखेरीज काही गायलं जात नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “वाजवायचं यंत्रही नाही. रागावू नकोस.”

“मग मागवलीत कशाला?”

बाई खिडकीपाशी गेल्या. खाली फाटकाशी लाल गाडी अजून उभी होती.

“चर्चमध्ये भांडण होऊन गावाची दोन चर्चं झाली, त्या दिवसापासून मर्डोनं माझ्याशी बोलणं टाकलंय. पाठचा भाऊ माझा. पण सहीचं पाकीट आलं की त्याला दारात उभं राहून माझं नाव घ्यावंच लागतं.”