सीटवरचं वजन

हिरवा दिवा लागताच शर्यतीची जुनी फियाट सरावात पुन्हा उजवीकडे कलली. वैजूनं ब्रेक मारला.

"आबा, मागचा दांडा परत आवळा की," ती हेल्मेट काढत वडिलांना म्हणाली.

गाडी कलू नये म्हणून बसवलेला हा दांडा चालवणाऱ्याला सीटवर बसवूनच आवळतात. मागच्या खेपेला सीटवर तिचा भाऊ होता, धैर्यशील. पोरगा गेल्यावर आबांनी इंजिन उतरवलं, टायर बदलले, स्प्रिंगाही बदलल्या. दांड्याच्या नटांना मात्र पाना लावला नव्हता.

आबा गाडीखाली सरकले. नटावर पाना चढवून बराच वेळ तसेच पडून राहिले.

"आबा, उतरू का मी?" वैजूनं विचारलं.

"नको." खालून आवाज आला आणि पहिला नट करकरत सैल झाला. "बसून ऱ्हा, बाळा. आता तुझं वजन पडू दे."