एकट्याचं काम

चंद्रप्रकाशच्या जुन्या येझदी मोटरसायकलचं इंजिन उतरवायला दोन माणसं लागायची. मग बोरीवलीतल्या सोसायटीच्या पार्किंगमधून तो वर हाक मारायचा, "मालन, खाली ये गं, जरा धर!" एरवी नवरा-बायकोत बोलणं असं उरलंच नव्हतं.

यंदा त्याने फ्रेमची खालची नळी कापून ती नटबोल्टने सुटेल अशी करून घेतली, म्हणजे इंजिन सरळ खाली जॅकवर उतरेल. रविवारी पान्यांची पिशवी घेऊन खाली गेला, जॅक लावला आणि इंजिन एकट्यानेच उतरवलं.

"झकास काम झालं," वर येऊन हात धुताना तो म्हणाला. "आता तुला खाली यायचा त्रास नाही."

"बरं झालं," मालन म्हणाली.



मग सकाळपासून घालून ठेवलेला, ग्रीसच्या डागांचा जुना गाऊन तिने बदलला.