दोनदा वाजलं की थांब

एकदा वाजलं की चालू दे, दोनदा वाजलं की थांब. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या प्लायवूडच्या पार्टिशनची एवढीच भाषा होती आणि ती फक्त दोघांना कळायची. बाहेर गिऱ्हाइकासमोर बसणाऱ्या दादाला आणि आत बसणाऱ्या धाकटीला.

मशीन तपासायची धाकटी. कमांड चिठ्ठीवर लिहून द्यायची धाकटी. ती चिठ्ठी कीबोर्डखाली अर्धी दडवून, बोटं अशी उडवत की जणू विमानच चालवतोय, टाइप करायचा दादा. ‘पोरीच्या हातात मशीन दिसलं की गिऱ्हाईक आल्या पावली परत जातं,’ असं त्याचं म्हणणं. त्यामुळे गिऱ्हाईक असताना तिने बाहेर यायचं नाही, हे ठरलेलं.

आज समोर नर्सबाई बसल्या होत्या.

“जन्मलास तेव्हा पावणेतीन किलो होतास,” त्या दादाला म्हणाल्या. “आता ही खुर्ची बिचारी कशी सोसते रे तुला?”

दादा खो खो हसला.

“हसतोस काय! तुम्ही दोघंही आहात यात. चाळीस वर्षांत माझ्या हातावर झालेली चार हजार बाळं. वेळ, वजन, कोण कसं रडलं, सगळं. वह्या वाळवीने खाल्ल्या. आता जे काही आहे ते या डबीत.”

डबी म्हणजे त्यांची जुनी हार्ड डिस्क. ती मरायला टेकली होती, पण काल संध्याकाळी धाकटीने जोडून पाहिली तेव्हा वाचता येत होती. नव्या कोऱ्या डिस्कवर एकदा जशीच्या तशी उतरवली की झालं. चिठ्ठी कालच लिहून तयार होती. जुनी डिस्क एसडीबी, नवी एसडीसी, बीवरून सीवर. खाली दोन रेघा मारून तिने बजावलंही होतं, ‘तोवर मशीन बंद करू नकोस.’ कारण त्यांच्या मशीनवरची लिनक्स सिस्टिम ही नावं डिस्कवर कोरून ठेवत नाही. मशीन चालू होताना जी डिस्क आधी सापडेल ती बी, नंतर सापडेल ती सी.

“बाई, तुम्ही येणार म्हणून सकाळी सगळं बंद करून टेबल पुसलं,” बाहेर दादा सांगत होता. “वायरींचा नुसता गुंता झाला होता. सगळ्या काढल्या, नीट लावल्या. बघा, कसं चकाचक!”

आत धाकटीने ते ऐकलं. म्हणजे बी आणि सी आता उलटेही झालेले असतील.

तिने पार्टिशनवर ठोकलं. दोनदा.

बाहेर कीबोर्ड वाजतच राहिला.

पुन्हा दोनदा. या वेळी मुठीने.

“उंदीर का रे?” नर्सबाईंनी विचारलं.

“फार माजलेत,” दादा म्हणाला.

कॉम्प्युटर एरवी साधा फोटो पुसायचा तरी ‘नक्की ना?’ म्हणून विचारतो. ही कमांड काहीच विचारत नाही. कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओत म्हटलं, तर मुकाट्याने ओतते.

धाकटी उठली. तिने कडीवर हात ठेवला आणि थांबली. गिऱ्हाईक असताना बाहेर यायचं नाही. क्षणभरच थांबली असेल.

तेवढ्यात एंटर वाजलं.

मग मात्र ती दार ढकलून अशी धावली की स्टूल एकीकडे, चिठ्ठ्या दुसरीकडे. तिने जुन्या डिस्कची वायर खसकन उपटली. पुन्हा जोडली. वाट पाहिली. स्क्रीनवर काल दिसली होती ती बाळांची लांबच लांब यादी आली नाही. डिस्कच्या सुरुवातीचा भाग कोरा झाला होता.

“काय केलंस हे?” दादा ओरडला.

“नावं बदलली होती, दादा. उलटं चाललं होतं. मी दोनदा ठोकलं. दोनदा दोनदा ठोकलं!”

“काय ठोकलं?” दादाचा चेहरा असा, की त्याने जन्मात पार्टिशन पाहिलेलं नाही. “चालू कामात वायर उपटतं का कुणी?”

नर्सबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “ही पण बघते का रे मशीन?”

“छे हो! आत झाडलोट करते.”

धाकटी नर्सबाईंकडे वळली. मग दादाकडे न बघता ती भराभर बोलायला लागली. “बाई, सगळं गेलेलं नाही. सुरुवातच गेलीय. आता ही कशालाच जोडायची नाही. आठवडाभर ठेवून जा, मी एकेक तुकडा शोधून काढते. बरंच परत येईल.”

“तुझ्याकडे?” नर्सबाई म्हणाल्या.

त्यांनी डिस्क उचलली, रुमालात गुंडाळली. डोकं सांभाळून, मान सांभाळून, नवं बाळ धरावं तशी. दारापाशी जाऊन त्या वळल्या.

“जन्मलीस तेव्हा हूं नाही की चूं नाही. निळी पडली होतीस. दोन चापट्या मारल्या तेव्हा कुठे आवाज फुटला.” त्यांचा स्वर अजिबात चढला नाही. “असं लिहिलं होतं त्यात.”

त्या गेल्या. दादाने सांडलेल्या चिठ्ठ्या पायाने टेबलाखाली सारल्या.

थोड्या वेळाने एक माणूस काखेत लॅपटॉप मारून आला. “चालूच होत नाही हो,” म्हणाला. दादाने लॅपटॉप घेतला आणि धाकटीला हनुवटीनेच खुणावलं. आत.

तिने स्टूल उचललं आणि आत जाऊन बसली. कडी लावली.

पार्टिशनवर बाहेरून वाजलं. एकदाच.