उलटी उडी

जुन्या व्हिडिओगेममधला राजवाडा कमीत कमी वेळात गाठायचा, म्हणून तेजल महिनाभर एकच युक्ती घोटत होती. नायकाची पाठ भिंतीच्या कोपऱ्याला लावायची आणि नेमक्या क्षणी मागे उडी मारायची. जमलं की गडी भिंतीतून आरपार. मधले सात दरवाजे न उघडताच थेट आत!

"आणि नाही जमलं तर?" तिच्या वडिलांनी, भाऊरावांनी विचारलं. त्यांचं हल्ली कशातच लक्ष लागत नसे, विसरायचेही फार. पण हा खेळ मात्र ते टक लावून बघायचे.

"तर परत मारायची ना, बाबा. लोक हजार-हजार वेळा मारतात. एकदा जमली की झालं."

मुलुंडची त्यांची बिल्डिंग पाडून अकरा वर्षं झाली होती. तेव्हा 'तीन वर्षांत नवीन घर' म्हणाला होता बिल्डर. मानखुर्दची ही त्यांची पाचवी भाड्याची खोली, आणि तिकडे प्लॉटवर अजून पत्र्याचं कुंपण नि आत गुडघाभर गवत.

गुरुवारी दुपारी बाबा घरातून न सांगता निघून गेले. सगळीकडे शोधून दमलेली तेजल शेवटी मुलुंडला पोचली. कुंपणाच्या कोपऱ्याला पाठ लावून बाबा मागे उड्या मारत होते. पत्र्याने शर्ट पाठीवर टराटरा फाटला होता.

तिला बघून ते धापा टाकत हसले.



"आलीस? घराची चावी काढून ठेव गं, आता जमेलच."