शोधाचा चौकोन

"आता अक्षरं दिसतात का, बाबा?" टीव्हीच्या मागून अश्वजितनं विचारलं.

"नाई. चौकोनच दिसून राह्यले," डोमाजी म्हणाले.

अश्वजित पुन्हा काँप्युटरपुढे बसला. टीव्हीवर गाणी, व्हिडिओ लावून देणारं एक फुकटातलं मीडिया सेंटर त्यानं सकाळीच उतरवून घेतलं होतं. त्याचा जुना काँप्युटर आता आईबाबांच्या दारव्ह्याच्या या घरात, टीव्हीला जोडलेला राहणार होता. सगळं चालत होतं, फक्त मराठी नावांच्या जागी रिकामे चौकोन येत होते. त्यानं सेटिंगमध्ये जाऊन फॉन्ट बदलला. चौकोन गेले आणि नावं उमटली. भीमगीतं, नाटकं, त्याच्या लेकीचे, खुशीचे वाढदिवस, अंगणवाडीचं संमेलन.

पलंगावर उशांना टेकून कांताबाई बसल्या होत्या. तीस वर्षं त्यांनी अंगणवाडी चालवली. अकरा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून आल्यावर एकदा डाव्या हातात पेन्सिल देऊन पाहिली होती. कागदावर नुसत्या वाकड्या रेघा उठल्या. त्यांनी पेन्सिल टाकून दिली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर कोणी पेन्सिल दिली नाही. किती समजतं, किती नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

डोमाजींनी मात्र कसूर केली नव्हती. कांताबाईंना भरवणं, वेणी घालणं, कूस बदलणं, सगळं ते स्वतः करत. आलेल्यागेलेल्याला सांगत, "आज तिले बरं वाटते. आज तिले वरणभातच पाहिजे होता." घर त्यांच्या या सांगण्यावरच चालत होतं.

"आई, हे पाहा," सून शीला म्हणाली. तिनं रिमोट सासूच्या डाव्या हातात ठेवला. "हे भिंगाचं बटण दाबलं का टीव्हीवर अक्षरं येतात. बाणानं एकेक अक्षर धराचं. नाव लिवलं का गाणं सापडते."

"तिले कायले त्रास देतं?" डोमाजी म्हणाले. "मी लावून देत जाईन."

अश्वजित वायर गुंडाळत उभा राहिला. हे सगळं मांडताना त्याच्या मनात दुसरंच होतं. ते शेवटी बाहेर आलं.

"बाबा, तीन महिने. फक्त तीन महिने आईले आमच्याकडे नागपूरले पाठवा. तिथं बोलणं शिकवणाऱ्या बाई आहेत. रोज घेऊन जाईन मी."

"झालं तुहं सुरू."

"एकदा पाह्यलं तं काय बिघडते?"

"तिचं बिघडते," डोमाजींचा आवाज चढला. "बेचाळीस वर्षांचा संसार आहे या घरात. नागपूरचं नाव काढलं का तिच्या डोळ्यात पाणी येते. दिसत नाई का तुले? तिच्या मनातलं मले माईत नाई तं कोणाले माईत?"

अश्वजितनं आईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत तेव्हाही पाणी होतंच.

शीलाचं लक्ष टीव्हीकडे गेलं. पडद्यावर कीबोर्ड उघडला होता. वरच्या चौकोनात एक 'न' उभा होता.

"हात लागला वाटते तिचा," डोमाजी म्हणाले आणि रिमोट घ्यायला पुढे झाले.

"थांबा, मामाजी," शीलानं सासऱ्यांना अडवलं.

पिवळा ठिपका अक्षरांवरून सरकत होता. एकदा पुढे गेला, मागे आला, खाली उतरला. 'न'ला काना लागला. बऱ्याच वेळानं 'ग' आला. कांताबाईंचा अंगठा बाणाच्या बटणावर होता. चुकीचं अक्षर आलं की त्या ते पुसत आणि पुन्हा शोधायला लागत. अंगणवाडीत पोरांचा हात धरून गिरवताना त्यांच्या कपाळावर जशी आठी पडायची, तशीच आठी आता पडली होती.

"गाणं शोधून राह्यली," डोमाजी हळूच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तिले समजते रे, अश्वजित. तिले लिवता येते!"

पुढची अक्षरं यायला दहाएक मिनिटं लागली. कोणी जागचं हललं नाही. मग कांताबाईंनी बटण दाबलं आणि पडद्यावर ओळ आली.

'नागपूरले न्या' असं काहीही सापडलं नाही.

डोमाजींनी ती ओळ पुन्हा वाचली. ओठ हलवत, शाळेतल्या पोरासारखी. मग ते खुर्ची ओढून पलंगासमोर बसले. अकरा महिने ते कांताबाईंच्या बाजूला बसत आले होते. ताट धरायला तीच बाजू सोयीची पडायची.

"कांता," ते म्हणाले. "माह्यं काही चुकलं का? घर सोडून जावं वाटते तुले?"

कांताबाईंनी मान हलवली नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. आधीची अक्षरं त्यांनी एकेक करून पुसली. डोमाजी मागे वळून पाहत राहिले. मधे एकदा रिमोट हातातून निसटला. डोमाजींनीच तो उचलून कांताबाईंच्या बोटांखाली नीट ठेवला आणि अक्षरांची वाट पाहू लागले.

'मले तुमच्यासंग बोलाचं आहे.'