काचेखालची काणी

मालूचं गाठोडं सकाळीच उंबऱ्याबाहेर आलं होतं, आणि ते बांधलं होतं तिच्या सासूनं, नागुबाईनं, स्वतःच्या हातानं.

"बियाणं हिच्या बापाचं, आन् काळं झालं आमचं रान," अंगणात जमलेल्या भावकीला ती पुन्हापुन्हा ऐकवत होती. जोंधळ्याच्या कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी. त्याला काणी म्हणतात हे शेंबडं पोरही सांगेल. पण ती आली कुठून, याचा निकाल नागुबाईनं केव्हाच लावून टाकला होता. सून माहेरी धाडायची, भरमाला दुसरी करायची. भरमा खांबाला टेकून मान खाली घालून उभा. बायकोची बाजू घ्यायची तर तोंड उघडावं लागतं, आणि आईसमोर ते त्याला जन्मात उघडता आलं नव्हतं.

मालूच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मला घालवायचं तर घालवा, पण माझ्या बापाच्या बियाण्याला नावं ठेवू नका, असं तिनं सगळ्यांदेखत बजावलं. त्यावर सासू म्हणाली, बापानं लेक धाडली तीही तसलीच किडकी.

तेवढ्यात शेतकी खात्याचे मारुतीराव आले. निपाणीत मुक्काम ठेवून ते काणीची कणसं बघत गावोगाव हिंडत होते. त्यांना भावकीतल्याच कुणीतरी बोलावून आणलं होतं. ओसरीवर त्यांनी पेटीतनं पितळेचं भिंगाचं यंत्र काढलं. काणी काही एका जातीची नसते, म्हणाले. एक बियाण्याला चिकटून येते, दुसरी रानाच्या मातीतच दडून असते. तुमच्याआमच्या डोळ्याला सगळी काळीच. जात कळते ती काचेखाली.

"मग बघा," मालू म्हणाली. "आन् सगळ्यांम्होरं सांगा."

मारुतीरावांनी भुकटी काचेवर घेतली आणि बराच वेळ बघितली. मग विचारलं, बाहेर ते गाठोडं कुणाचं? नागुबाईनं सांगितलं, कुणाचं आणि कशापायी. त्यांनी काच पुसली, पुन्हा वाकून बघितलं.

"मातीतली आहे," ते म्हणाले. "बियाण्याचा काही दोष नाही."

नागुबाई भडकली. काचेत बघून जात सांगणाऱ्यापरीस कुडमुड्या जोशी बरा, म्हणाली. भावकी हसली, पण सरकारी माणसाच्या शब्दावर कोण बोलणार? एकेक करून सगळे उठले.

"आई," भरमा खांबाशीच उभा राहून बोलला, "गाठोडं आत घे."

मालूनं पदर खोचला. "आता सांगा की आत्ती, किडकं काय हाय? माझ्या बापाचं बी, का तुमची माती?"

गाठोडं उचलून सासू आत गेली, आणि जाताना एकदाही मागं वळली नाही.

मारुतीराव निघाले तेव्हा मालू पाण्याचा तांब्या घेऊन दारापर्यंत गेली. माझ्या बापाचं नाव राखलंत साहेब, एवढंच ती बोलली.

मारुतीराव पाणी प्यायले. त्यांनी तोंड पुसलं, अंगणात कुणी उरलं नाही ना ते बघितलं.

"वडलांना आजच निरोप धाडा बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "घरात राखलेलं सगळं बियाणं जाळून टाका म्हणावं."