टू-इन-वनवरची डाळ

“हे पाहा काकाजी, ही ज्वारी. ज्वारी दाबली का भजन चालू. ही तुरीची डाळ. डाळ दाबली का बंद. अन् हा तांदूळ, लांबट लागते ना बोटाले? हा दाबला का टेप मागं.”

रविंद्रनं टू-इन-वनच्या, म्हणजे रेडिओ-टेपच्या बटणांवर डिंकानं दाणे चिकटवले होते. सीताबर्डीवर त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि काकाच्या कामात त्याला काही उणं राहू द्यायचं नव्हतं. रुपरावांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, पण पट्टी दोन्ही डोळ्यांवर होती. एक हलला की दुसराही हलतो, असं डॉक्टरांचं म्हणणं. म्हणून पट्टी निघेपर्यंत खाटेवर पडायचं आणि जावयानं दिलेल्या यंत्रावर खंजिरीची भजनं ऐकायची, एवढाच उद्योग उरला होता. रविंद्रनं यंत्र स्टुलावर ठेवलं, मागून विटेचा तुकडा सारून जरा तिरपं केलं. आता हात लांबवला की बोटं नेमकी बटणांवर पडत.

“काकू, तुमची कटकट गेली,” तो म्हणाला.

“गेली बाई एकदाची,” जयवंताबाई म्हणाल्या.

कटकट तर होतीच. दवाखान्यातून आल्यापासून रुपराव घडीघडी हाक मारत. ऐकून राहिली का वं, हे लाव. ऐकून राहिली का वं, हे बंद कर. जयवंताबाईंनी शेजारच्या तुळसाबाईला कुंपणावरून सांगितलंही होतं, “या माणसानं माह्या पायाले चाकं लावली बाई.” सांगितलं जरा मोठ्यानं. डोळे बांधले तरी माणसाचे कान उघडे असतात, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. रुपरावांनी त्याच संध्याकाळी रविंद्रला निरोप धाडला.

आता भजन चालू व्हायचं, बंद व्हायचं, मागं जायचं. हाक तेवढी येत नव्हती. जयवंताबाईंनी निवांत वरण शिजवलं, निवांत भांडी घासली. इतका निवांतपणा त्यांना सोसेना. रुपराव गांधीबागेतल्या एका कापड पेढीचे फिरते विक्रेते. लग्नापासून आज काटोल, उद्या उमरेड. घरी यायचे ते जेवायला आणि झोपायला. पट्टी निघाली की पुन्हा पिशवी उचलून निघणार. नवरा दिवसभर घरात असणं म्हणजे काय, ते जयवंताबाईंना या मोतीबिंदूमुळे कुठं कळायला लागलं होतं, आणि तेवढ्यात या पोरानं ज्वारी चिकटवली.

दुपारी रुपराव घोरायला लागले. जयवंताबाईंनी नखानं तुरीची डाळ हळूच उकरली, डिंकाचं बोट लावलं आणि शेजारच्या बटणावर बसवून टाकली. या वयाच्या बाईनं करू नये असा उद्योग. पदरानं कपाळ पुसून त्या चुलीपाशी जाऊन बसल्या.

चार वाजता भजन बंद होण्याऐवजी चिवचिवाट करत पुढं पळालं.

“ऐकून राहिली का वं?”

त्या लगेच गेल्या नाहीत. दुसरी हाक येऊ दिली.

“काय जी?”

“भजन पळून राहिलं.”

“पळू द्या. तुम्ही तं जागेवर आहा.” त्यांनी बटण दाबलं.

“बस थोडी. पुन्हा पळलं तं?”

त्या अंबाडी निवडत बसल्या. बोलता बोलता रुपरावांनी काटोलची बकरी सांगितली. तिनं लुगड्यांचे सगळे नमुने खाऊन टाकले होते, आणि यांनी पेढीवर जाऊन सांगितलं होतं, गिऱ्हाइकाले माल लय पसंत पडला. जयवंताबाई हसून हसून बेजार झाल्या. इतक्या वर्षांत ही बकरी घरात आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी नवीनच तक्रार. “मागंही जात नाही वं.”

जयवंताबाई चरकल्या. डाळ उकरताना नख तांदळालाही लागलं असावं. पण त्या दाण्यांकडे बघतच नव्हत्या. चोराला आपलीच खूण बघवत नाही, तसं झालं होतं. आंधळेपणानं बटण दाबायचं आणि खाली बसायचं. त्या दिवशी उमरेडच्या सावकाराची मिशी सांगून झाली.

संध्याकाळी रविंद्र आला. काकाच्या हाका पुन्हा सुरू झाल्याचं त्याला तुळसाबाईनं फाटकातच सांगितलं होतं. तो जरा दुखावला होता. थेट यंत्राशी जाऊन वाकला.

“कोणी हात लावला इथं? डाळ तं भलत्याच बटणावर आहे.”

जयवंताबाई धगधगत्या चुलीत फुंकणीनं फुंकत राहिल्या.

“मले काय विचारतं गा,” रुपराव म्हणाले. “मले दिसून राहिलं का?”

“अन् तांदूळही हलला. हा पाहा, इकडं कोपऱ्यात. डाळीले डिंक तरी आहे. तांदूळ दवाखान्यातल्या चिकटपट्टीच्या तुकड्यानं लावला.”

जयवंताबाईंनी फुंकणी ठेवली. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“डाळ मी हलवली,” त्या म्हणाल्या. “तांदळाले माहा हात लागला नाही.”

रविंद्र काकूकडे बघत राहिला. मग दोघंही खाटेकडे वळले. रुपराव भिंतीकडं तोंड करून पडले होते, आणि डोळ्यावरच्या पट्टीचा सुटलेला कोपरा बोटानं हळूहळू दाबून बसवत होते.